तक्त्यापासून ताटापर्यंत

"स्वयंपाकच शिकायचा, तर त्याला कॉलेज कशाला हवे?"

हा प्रश्न माझ्या मेहुण्यांचा. आठ वर्षांपूर्वीची, बारावीचे निकाल लागले त्या आठवड्यातली गोष्ट. माझ्या भाचीला शास्त्र शाखेत बरे गुण मिळाले होते. डॉक्टरीला ते पुरेसे नव्हते आणि इंजिनिअरिंगला तिला जायचे नव्हते. तिने जाहीर केले की, आपण आहारशास्त्र घेणार आणि डाएटिशियन होणार. दाजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला, माझ्याकडे पाहिले आणि वरचा प्रश्न टाकला. प्रश्न मुलीला होता, पण उत्तर मी द्यावे अशी अपेक्षा होती. कारण मी कॉलेजात शिकवतो. मी मराठी शिकवतो, ही गोष्ट अशा वेळी कुणी ध्यानात घेत नाही.

खरे सांगायचे तर मलाही उत्तर ठाऊक नव्हते. "आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बायका रांधत आल्या. कुणी पदवी घेतली नाही आणि कुणी उपाशीही राहिले नाही," असे दाजी म्हणाले तेव्हा मी मान डोलावली. ते मान डोलावणे मला पुढे फार महागात पडले. त्याची हकिगत सांगावी म्हणूनच हा लेख लिहायला घेतला आहे. पण ती नीट कळायची तर पोरगी मुंबईला जाऊन काय शिकली, हे आधी सांगायला हवे.

तुझी वाटी केवढी?

पहिल्या दिवाळीच्या सुटीत भाची आजोळी आली ती पिशवीत एक छोटा वजनकाटा घेऊन. माझी आई चुलीपुढची नव्हे, पण गॅसच्या शेगडीपुढची जुनी जाणती. नात स्वयंपाकघरात आली याचा तिला आनंद झाला. पण नातीने रांधायला हात लावलाच नाही. तिने आजीने भाकरीसाठी घेतलेले ज्वारीचे पीठ काट्यावर ठेवले, वहीत आकडा लिहिला आणि विचारले, "आजी, आमटी एक वाटी म्हणतेस, ती तुझी वाटी केवढी?"

"वाटीएवढी!" आई म्हणाली.

आम्ही सगळे हसलो. पण पोरीने त्या वाटीत मापाने पाणी ओतून पाहिले. आईची वाटी १८० मिलिलिटरची निघाली. माझ्या बायकोची स्टीलची वाटी १२० ची, आणि दाजींकडे पाहुण्यांसाठी काढतात ती चांदीची वाटी तर जेमतेम ८० ची. एकाच घराण्यात 'एक वाटी वरण' या शब्दांचे तीन अर्थ! अर्थच्छटांवर मी वर्गात तास घेतो. हा अर्थभेद मात्र माझ्या कधी लक्षात आला नव्हता. मधुमेहाच्या रोग्याला 'एक वाटी भात' असे सांगून घरी पाठवले, तर तो किती भात खाईल हे त्याच्या फडताळावर अवलंबून राहणार.

त्या सुटीत मला कळले की, तिच्या अभ्यासक्रमात स्वयंपाक हा एक छोटा भाग आहे. बाकी सारे जीवरसायन, शरीरक्रियाशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्नाचे रसायन, संख्याशास्त्र. आणि पुढे जाऊन कोणत्या आजारात कोणता आहार, हा रुग्णाहाराचा मोठा विषय. घास पोटात गेल्यावर त्याचे काय होते आणि रोगी माणसाच्या पोटात तेच वेगळे का होते, हे जाणण्याचे ते शास्त्र. रांधणे तिथे संपते आणि हे शास्त्र तिथे सुरू होते.

तिने त्या दिवशी आईच्या भाकरीचा हिशेब मांडून दाखवला. ६० ग्रॅम पिठाची भाकरी. सुमारे २०० उष्मांक, ६ ग्रॅम प्रथिने. पण ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन नावाचा एक घटक कमी पडतो. तो डाळींत भरपूर असतो. उलट डाळींत मेथिओनीन नावाचा जो घटक कमी, तो धान्यात असतो. म्हणजे झुणका आणि भाकर ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते. "आजी, तुझं बरोबर आहे," ती म्हणाली, "फक्त का बरोबर आहे ते मी शिकतेय." आईला हे वाक्य फार आवडले होते.

कुन्नूरची एक खोली

हे शास्त्र परदेशातून आयते आले, असा माझा समज होता. तोही पोरीने दूर केला. आपल्या देशात त्याची सुरुवात १९१८ साली निलगिरीतल्या कुन्नूर इथे झाली. तिथल्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या एका खोलीत रॉबर्ट मॅकॅरिसन या डॉक्टरने बेरीबेरीचा तपास सुरू केला. सडीक पांढऱ्या तांदळावर जगणाऱ्यांना हा रोग होई. कोंड्याबरोबर टाकून दिले जाणारे जीवनसत्त्व हे त्याचे मर्म. त्या एका खोलीची पुढे न्यूट्रिशन रिसर्च लॅबोरेटरीज झाली. मॅकॅरिसनच्या मागून आलेल्या डब्ल्यू. आर. एक्रॉइड यांनी १९३७ साली हिंदुस्थानातील अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. आपल्या बाजरीत, नाचणीत, मेथीत काय आहे, हे आकड्यांनी सांगणारा तो तक्ता. डॉ. विनायक नारायण पटवर्धन संचालक असताना १९५८ मध्ये ही प्रयोगशाळा हैदराबादला गेली आणि १९६९ पासून ती राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो जुना तक्ता नव्याने सिद्ध करून १९७१ साली प्रसिद्ध केला. आहारशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्या त्यावर वाढल्या. २०१७ मध्ये देशाच्या सहा विभागांतून नमुने गोळा करून ५२८ अन्नपदार्थांचा नवा तक्ता निघाला. त्यात नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दाखवले आहे. नाचणीला गरिबाचे धान्य म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हा आकडा जरूर पाहावा.

आमच्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईला आली. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी एक भयंकर पंडुरोग होई. लोह देऊन तो हटत नसे, आणि त्यात आई व मूल दोघेही दगावत. विल्सबाईंनी परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमधून त्याचा पिच्छा पुरवला. कोणत्या बाया काय खातात, हे त्यांनी बारकाईने पाहिले. आधी प्राण्यांवर प्रयोग केले. आणि अखेर त्यांना आढळले की, यीस्टच्या अर्कापासून केलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने हा रोग बरा होतो. १९३१ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्या अर्कात नेमके काय होते ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते; म्हणून त्याला 'विल्स घटक' असेच म्हणत. १९४१ साली पालकाच्या पानांतून जे फॉलिक आम्ल वेगळे काढण्यात आले, ते त्याच जातीचे. आज खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात गरोदर बाईच्या हातावर लोहाची गोळी ठेवतात, तिच्यात हे फॉलिक आम्ल असते. परळच्या त्या बायांचे हे ऋण आपल्या लेकीसुनांवर आहे.

आणि एक नाव तर आम्हा मराठीच्या माणसांनी विसरूच नये. दुर्गाबाई भागवतांचे 'ऋतुचक्र' आम्ही शिकवतो. त्यांच्या धाकट्या बहिणीचे काम मात्र आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक नसते. कमला भागवत, लग्नानंतरच्या कमला सोहोनी. १९३३ साली बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये केवळ मुलगी म्हणून सर सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला होता. त्यांनी हट्टाने तो मिळवला, तोही अटींवर. पुढे केंब्रिजला जाऊन १९३९ मध्ये त्या डॉक्टरेट झाल्या. विज्ञानात ती पदवी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी त्या एक. परत आल्यावर त्या कुन्नूरच्या प्रयोगशाळेत होत्या आणि नंतर मुंबईच्या विज्ञान संस्थेत. तिथे त्यांनी कशावर संशोधन केले? नीरा, डाळी-कडधान्ये आणि भाताचे पीठ. गरिबाच्या पोटात जे जाते, त्यावर. केंब्रिजची पदवी त्यांनी गरिबाच्या ताटापर्यंत आणली. दुर्गाबाईंनीही 'खमंग' लिहून खाद्यपदार्थांना साहित्यात मानाचे पान दिले. एका बहिणीने अन्नाची चव सांगितली, दुसरीने त्याचे सत्त्व. दाजींना मी हे सांगितले तेव्हा ते पहिल्यांदा गप्प बसले.

शहाळ्याची गोष्ट

आता ती हकिगत.

भाची एम. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती. माझ्या आईची मूत्रपिंडे हळूहळू निकामी होत चालली होती. एकदा पायांवर सूज आली, उलट्या होऊ लागल्या, म्हणून तिला इथल्या एका रुग्णालयात ठेवले. दुसऱ्या दिवशी माझ्या हातात पथ्याचा छापील कागद आला. कागद मराठीत होता. 'उच्च पोटॅशियमयुक्त फळे व द्रवपदार्थ वर्ज्य. प्रथिनांचे प्रमाण नियंत्रित असावे. सोडियम अल्प.' मी तो वाचला, एक शुद्धलेखनाची चूक मनातल्या मनात सुधारली आणि घडी करून खिशात ठेवला.

आईला अन्न जात नव्हते. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणे, शहाळ्याचे पाणी द्या, पोटाला थंड, आजाऱ्याला हलके. मलाही ते पटले. शहाळे म्हणजे आजाऱ्याचे अमृत, असेच आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी रोज सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी दोन शहाळी नेऊ लागलो. आई ती आवडीने पिई. आपण आईचे काही करतो आहोत, याचे मला फार समाधान वाटत होते.

चौथ्या दिवशी, शनिवारी, भाची मुंबईहून आली. खोलीत पाऊल टाकताच तिची नजर खाटेखालच्या कापलेल्या शहाळ्यांवर गेली.

"मामा, हे कुणी दिलं?"

"मी."

"किती?"

"रोज दोन. का गं?"

ती पुढे एक शब्द बोलली नाही. सिस्टरकडे गेली, सकाळी तपासणीला गेलेल्या रक्ताचा अहवाल मागवून घेतला. रक्तातले पोटॅशियम साडेतीन ते पाचच्या दरम्यान असावे लागते, आईचे ६.४ झाले होते. पुढच्या दहा मिनिटांत खाटेभोवती डॉक्टर, सिस्टर, हृदयाचा आलेख काढायचे यंत्र अशी धावपळ झाली. मला बाहेर उभे केले. पोटॅशियम असे वाढले की हृदयाचे ठोके बिघडतात आणि कधी कधी ते कसलीही सूचना न देता थांबते, हे मला मागाहून कळले. निरोगी माणसाचे मूत्रपिंड जादा पोटॅशियम बाहेर टाकते. आईचे ते टाकू शकत नव्हते. एका शहाळ्यात अर्ध्या ग्रॅमहून अधिक पोटॅशियम असते. आणि अशा रोग्याला दिवसभराच्या साऱ्या अन्नातून मिळून पुष्कळदा दोन-अडीच ग्रॅमांचीच मर्यादा असते. मी चार दिवस माझ्या हाताने आईला काय पाजत होतो, ते ऐकून माझे पाय लटपटले.

आई वाचली. त्यानंतर ती दोन वर्षे जगली. पण त्या शनिवारी भाची आली नसती तर काय झाले असते, हा विचार आजही रात्री मला उठवून बसवतो.

मी खिशातला कागद काढून भाचीपुढे धरला. म्हणालो, "यात शहाळं कुठं लिहिलंय?"

"लिहिलंय मामा. 'पोटॅशियमयुक्त द्रवपदार्थ.' म्हणजे शहाळं. म्हणजे मोसंबीचा रस. म्हणजे पालेभाजीचं सूप."

"मग तसं लिहायला काय झालं होतं?"

ती माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, "तेच तर आम्हाला शेवटी शिकायचं असतं."

त्या कागदातले एकही विधान चुकीचे नव्हते. शब्द मराठी होते, व्याकरण ठीक होते. मी तर मराठीचा एम. ए. तरीही तो कागद माझ्यापर्यंत पोचला नाही. मग माझ्या शेजारच्या खाटेवरच्या शेतकऱ्यापर्यंत तो काय पोचणार? तक्त्यातले ज्ञान ताटात उतरले नाही, तर ते असून नसल्यासारखेच. दाजींच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात मिळाले.

त्या सुटीत आम्ही मामा-भाचीने बसून आईसाठी एक कागद लिहिला. शास्त्र तिचे, शब्द माझे आणि मधूनमधून आईचे. 'शहाळे नको. मोसंबी-संत्र्याचा रस नको. केळे नको. बटाटा, पालेभाजी सोलून-चिरून भरपूर पाण्यात उकडा, ते पाणी ओतून द्या, मग फोडणी घाला. त्या पाण्याची आमटी करू नका. बाजारात कमी सोडियमचे म्हणून मीठ मिळते, ते घेऊ नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असते.' वाचकांनी मात्र हे पथ्य आपल्या मनाने कुणाला लावू नये. मूत्रपिंडाच्या प्रत्येक रोग्याला ते लागत नाही. रक्ताचा अहवाल पाहूनच ते ठरवायचे असते. आणि ते कायमचेही नसते. आईचे डायलिसिस सुरू झाले तेव्हा कालपर्यंत मोजून-मापून द्यायची प्रथिने उलट वाढवावी लागली, कारण त्या क्रियेत ती शरीरातून निघून जातात. घरच्या माणसांना हे कळत नाही. ती जुनेच पथ्य पाळत राहतात आणि रोगी खंगत जातो. पथ्य हा शब्द 'पथ' यावरून आला आहे. वाट बदलली की पथ्यही बदलते. एवढे शास्त्र आजीच्या अनुभवातून येत नाही. त्यासाठी कॉलेजातच जावे लागते.

काल काय काय पोटात गेले?

रुग्णालय ही या विद्येची एक बाजू. दुसरी बाजू भाचीने पालघरकडच्या पाड्यांवर पाहिली. अभ्यासक्रमाचा भाग म्हणून त्यांना तिथे बायांच्या आहाराची पाहणी करायची होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना पंडुरोग आढळला. म्हणजे निम्म्याहून अधिक. आपण त्याला 'अंगात रक्त नाही' म्हणतो आणि बाईमाणसाला ते असायचेच, असे समजून पुढे जातो.

पहिल्या दिवशी पोरीने एका बाईला विचारले, "तुम्ही रोज काय खाता?" बाई म्हणाली, "भात, भाकर, डाळ, भाजी." वहीत सगळे भरले गेले. कागदावर बाई उत्तम जेवत होती. डोळ्याची खालची पापणी मात्र पांढरीफटक. दुसऱ्या दिवशी त्यांच्या बाईंनी प्रश्न बदलायला सांगितला: काल सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय पोटात गेले, ते क्रमाने विचार. चोवीस तासांची आठवण काढून घेण्याची ही शास्त्रीय पद्धतच आहे. आता त्याच बाईने सांगितले: सकाळी कोरा चहा. दुपारी भात आणि डाळीचे पाणी. डाळ? ती पोरांना वाढली. रात्री? "धनी जेवले, पोरं जेवली. उरलं होतं ते खाल्लं." काय उरले होते? बाई हसली आणि म्हणाली, "काल नव्हतं उरलं."

'काय खाता?' या प्रश्नाला माणूस आपल्या घराची अब्रू सांभाळून उत्तर देतो. 'काल काय खाल्ले?' याला खरे सांगतो. नुसत्या शब्दांच्या फरकाने एका बाईची भूक दिसते किंवा झाकली जाते. मी हा प्रसंग आता माझ्या वर्गात सांगतो.

मग सल्ला द्यायचा तोही तिच्या आवाक्यातला. जेवणाला लागून चहा घेऊ नका, कारण तो अन्नातले लोह अंगी लागू देत नाही. भाजीवर, डाळीवर लिंबू पिळा, किंवा आवळा खा, म्हणजे तेच लोह जास्त अंगी लागते. पोह्यांवर लिंबू पिळण्याची आपली जुनी रीत या दृष्टीने किती शहाणपणाची आहे पाहा! गोळीने मळमळते म्हणून ती टाकून देऊ नका, रात्री जेवणानंतर घ्या. आणि सर्वांत अवघड सल्ला घरच्या पुरुषांसाठी: पान मांडाल तेव्हा तिचेही बरोबरच मांडा. हे कोणत्याही तक्त्यात नाही.

वाट कशी आहे?

एखादी मुलगी किंवा मुलगा या वाटेने जाऊ म्हणत असेल, तर आईबापांसाठी थोडी माहिती. बारावी शास्त्र शाखेतून, पुष्कळ ठिकाणी गृहविज्ञान घेऊनही, पदवीला प्रवेश मिळतो. मुंबईत जुहूला श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठाचे गृहविज्ञान महाविद्यालय आहे, न्यू मरीन लाइन्सला निर्मला निकेतनचे आहे. मराठवाड्यात परभणीच्या कृषी विद्यापीठातही या विषयांचे शिक्षण मिळते. १९१६ साली महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा घर चालवण्याच्या शास्त्राला विद्यापीठात जागा दिली म्हणून लोक हसले असतील. ते हसणे किती उथळ, हे मी अनुभवाने सांगतो.

पदवीनंतर एम. एस्सी. किंवा आहारशास्त्राची पदव्युत्तर पदविका, मग मान्यताप्राप्त रुग्णालयात सहा महिने प्रत्यक्ष काम, आणि त्यानंतर इंडियन डायटेटिक असोसिएशनची परीक्षा. ती उत्तीर्ण झाले म्हणजे 'नोंदणीकृत आहारतज्ज्ञ' असे नावापुढे लिहिता येते. त्या सहा महिन्यांत पोरगी सकाळी सातला वॉर्डात जाई. कोणाला नळीवाटे अन्न, कोणाला शस्त्रक्रियेनंतर फक्त पातळ, कोण दिवसेंदिवस उपाशी राहिलेला. अशा उपाशी माणसाला एकदम भरपेट खाऊ घातले तर रक्तातले क्षार ढासळून तो दगावू शकतो. त्याला अन्न देतानाही हात आखडून, रोज थोडे थोडे वाढवत द्यावे लागते. भुकेल्याला अन्न देणे हे पुण्य खरे, पण त्यालाही शास्त्र आहे.

रुग्णालयाखेरीज शाळांचे भोजन, अंगणवाड्यांच्या योजना, अन्नप्रक्रियेचे कारखाने, खेळाडूंची शिबिरे, संशोधन अशी अनेक दारे या शिक्षणाने उघडतात. सुरुवातीचा पगार मात्र बेताचा असतो. पहिला आकडा ऐकून दाजींनी पुन्हा एकदा चहाचा कप खाली ठेवला होता. मुलांची संख्या फार कमी आहे. 'गृहविज्ञान' या नावानेच मुलगे बिचकतात. आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे बोगस स्पर्धा. महिनाभराचा वर्ग करून, किंवा तोही न करता, डब्यातली पूड विकत 'आहारतज्ज्ञ' म्हणून पाटी लावणारे गल्लोगल्ली आहेत. २०२१ साली संसदेने आरोग्यक्षेत्रातील संलग्न व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला आणि त्यात आहारतज्ज्ञांना स्वतंत्र वर्ग म्हणून स्थान दिले, व्यावसायिकांच्या नोंदणीची तरतूद केली. पण पाटी वाचणाऱ्यानेही दोन प्रश्न विचारायला शिकले पाहिजे: शिक्षण कुठे झाले? आणि रुग्णालयात काम केले आहे का?

या विद्येची गरज किती आहे? २०२४ साली राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची १७ मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. त्यात देशातील एकूण रोगांच्या भारापैकी ५६.४ टक्के भार सदोष आहारामुळे आहे, असा अंदाज दिला आहे. एका बाजूला ज्या बाईसाठी काही उरत नाही ती, आणि दुसऱ्या बाजूला ज्याला ताटावरून उठवत नाही तो. दोघांनाही समजावून सांगणारे माणूस हवे.

आजीची वाटी

गेल्या वर्षी आई गेली. दिवस झाल्यावर घरातली भांडी वाटली गेली. कुणी तांब्याचा हंडा घेतला, कुणी परात. भाचीने फक्त वाटी मागितली, ती १८० मिलिलिटरची. ती आता मुंबईतल्या एका रुग्णालयात तिच्या टेबलावर असते. रोगी समोर बसला की ती कागद पुढे करत नाही. आधी वाटी पुढे ठेवते आणि विचारते, "तुमच्या घरची वाटी याच्यापेक्षा मोठी, का लहान?" तिथून बोलणे सुरू होते. तिचे म्हणणे असे की, वाटीबद्दल बोलता बोलता माणसे हळूहळू सगळे खरे सांगू लागतात.

दाजींच्या रक्तात यंदा साखर निघाली आहे. परवा दिवाळीचे सामान आणताना त्यांनी मुलीला फोन लावला. मी शेजारीच होतो.

"बाळ, अनारसे चालतील का गं?"

तिकडून काय उत्तर आले ते मला ऐकू आले नाही. दाजी बराच वेळ मुकाट्याने ऐकत होते. मग खिशातून कागद-पेन्सिल काढून ते लिहून घेऊ लागले.